समोरच्या घरी कडू घास

आई,

समोरचे काकाजी काल सकाळी गेले. तू असतीस तर मला सांगावं लागलं नसतं. त्या घरचं फाटक ज्या आवाजानं उघडायचं त्यावरून तू सांगायचीस की माणूस दुधाला गेला, भांडून गेला की डॉक्टर आणायला गेला. मला फाटक ऐकू आलं नाही. मला काकूंचं रडणं ऐकू आलं, मी दात घासता घासता थांबले, आणि पहिला विचार काय आला असेल? आता कडू घास न्यावा लागेल. दुःख नाही, प्रार्थना नाही, थेट स्वयंपाक. हे वळण तुझं आहे, तेव्हा दोषही तुझाच.

मयतीच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, आणि माणसं परत आली की शेजारपाजारच्यांनी बेसन, वरण, भात असं काहीतरी साधं नेऊन घरच्यांना दोन घास बळेच खाऊ घालायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. आजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा पुष्कळ गोष्टी सुटल्या, काही नाइलाजानं, काही फार आनंदानं. ही सुटली नाही. एका नव्या पाळकसाहेबांनी तुला एकदा हटकलं होतं, की हे शास्त्रात कुठं सांगितलंय. तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "तुमच्या घरी मयत झाली म्हणजे दाखवीन साहेब." पाळकसाहेब त्यानंतर आपल्याकडे जरा जपूनच यायचे.

तुझे कडू घासाचे नियम मला पाढ्यांसारखे पाठ आहेत. विचारून न्यायचं नाही, कारण विचारलं की माणूस नको म्हणतो. मीठ एक चिमूट जास्त, कारण रडलेल्या तोंडाला चव लागत नाही. भांडं त्यांच्याकडे घासायला ठेवायचं नाही, खरकटंच उचलून आणायचं. आणि चौथा नियम खास माझ्यासाठी झाला. मी शाळेत असताना तुझ्याबरोबर एका घरी गेले, आणि तिथल्या काकांनी रडता रडता किती भाकरी हाणल्या त्याची नक्कल मी नळावर करून दाखवली. बाया हसून हसून वाकल्या. तू मला घरात ओढत नेलंस, मारलं नाहीस, नुसतं म्हणालीस, "कोणाच्या घरी जेवण घेऊन गेली तं डोळे इथंच ठेवून जात जा." मी तेच डोळे पुढे धंद्याला लावले. दिवसा किरनापूरच्या शाळेत मास्तरीण, रविवारी इथल्या हिंदी पेपरात व्यंग्यवाली. गावात लोक मला नमस्कार करतात तो थोडा आदरानं आणि थोडा भीतीनं, की ही आता आपल्यावर लिहील.

आता काकाजींचं. तुझ्या मातीच्या दिवशी हा माणूस कबरस्तानात आला होता. चपला फाटकाबाहेर काढून अनवाणी उभा राहिला, गाणं संपेपर्यंत हलला नाही, आणि आपल्या मंडळीतले निम्मे लोक माती टाकून निघून गेले तेव्हाही तो तिथंच होता. त्याच माणसानं दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्याविरुद्ध ठाण्यात अर्ज दिला. आमच्या अंगणात गुरुवारी संध्याकाळी प्रार्थनासभा व्हायची. पाच-सात घरची माणसं, एक ढोलक, तुझ्या नातीची गिटार, आणि शेवटी चहा-खारी. गल्लीतली पोरं गाण्याच्या वेळी कधी दिसायची नाहीत, खारीच्या वेळी बरोबर उगवायची. अर्जात लिहिलं होतं की या घरात प्रलोभन देऊन धर्मांतर चालू आहे. काकाजी जन्मभर पटवारी. लोकांचे अर्ज घेण्यात आयुष्य गेलं, रिटायर झाल्यावर देण्याची हौस आली. ठाण्यातून दोघं आले, चांगलं बोलले, चहा प्याले, खारीला मात्र हात लावला नाही. पुराव्याला हात कसा लावणार? विचारपूस करून गेले. त्यातून काही निघालं नाही, फक्त आमचा गुरुवार बंद पडला.

मी काय केलं असेल ते तू ओळखलं असशील. मी त्यावर लिहिलं. नाव घेतलं नव्हतं, पण आमच्या गल्लीत रिटायर पटवारी एकच. एका खारीत माणसाचा धर्म पलटतो तर बेकरीवाल्याला बिशप करा, वगैरे. बैहरपर्यंत लोक हसले. त्या दिवसापासून काकाजींनी आमच्या घराकडे पाहणं सोडलं आणि काकूंनाही पाहू दिलं नाही. काकू अंगण झाडायच्या त्याही पाठ करून. त्यांनी अर्ज का दिला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. कधी वाटतं कोणी कान भरले. कधी वाटतं गिटार. तुझ्या नातीची गिटार दर गुरुवारी ऐकावी लागली असती तर अर्ज मीसुद्धा दिला असता. त्यांचा संध्याकाळी अंगणात निवांत बसण्याचा तो वेळ, आणि आमच्यापैकी एकानंही कधी जाऊन विचारलं नाही की काकाजी, आवाज जास्त होतो का. आम्हाला आमची गाणी आवडत होती, तेव्हा त्यांनाही आवडत असणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

तर काल मी तांदूळ धुवायला घेतले, आणि तुझे जावई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. ते आता मंडळीचे सचिव आहेत, म्हणजे चर्चच्या पंख्यांपासून भांडणांपर्यंत सगळं त्यांच्या अंगावर. त्यामुळं घरातही ते ठराव मांडल्यासारखं बोलतात.

"नको नेऊ," ते म्हणाले. "मी काकाजींच्या मागं घाटावर जातो, तेवढं पुष्कळ आहे."

मी विचारलं, काहून?

"तिथं कोणी मोबाइल काढला तं? मयतीच्या घरी जेवण वाटून राह्यले म्हणतील. आधीच एक अर्ज झाला आहे."

"ज्यानं देलता तो तं गेला न."

"माणूस जातो," ते म्हणाले. "अर्ज नाही जात."

चांगलं वाक्य होतं. दुसऱ्या कोणत्या दिवशी मी ते पेपरासाठी चोरलं असतं. ते वैनगंगेवर गेले आणि मी तांदूळ वैरले. ओट्याच्या वर मंडळीचं कॅलेंडर आहे. यंदा त्यावर नेमकं तेच वचन छापलंय, लोकांनी आपल्याशी जसं वागावं वाटतं तसं आपण त्यांच्याशी वागावं, आणि त्याच्या खाली टाइल्सच्या दुकानाची जाहिरात. मी ते वाचत उभी राहिले. किती सोपं वाटतं. पण मला काय वाटलं असतं ते मी खरोखर मनात आणून पाहिलं. माझ्या घरी मयत झाली आहे, आणि ज्या बाईनं माझ्या नवऱ्यावर सारं गाव हसवलं ती पातेलं घेऊन दारात उभी आहे. मला तो भात गिळवला नसता. मी म्हणाले असते, आली, आता माझं तोंड पाहायला आली. म्हणजे वचनाप्रमाणे न जाणंच बरोबर. दोन मिनिटांनी वाटलं, आणि कोणीच आलं नसतं तर? आपण ज्याच्याशी वाईट वागलो तो मयतीलाही आला नाही, हे किती दिवस टोचलं असतं? म्हणजे वचनाप्रमाणे जाणं बरोबर. मी गॅस बंद केला, परत लावला. आणि या सगळ्याच्या तळाशी तिसरी एक गोष्ट होती, ती मी झाकून ठेवत होते. मला त्यांचे चेहरे पाहायचे होते. मी भात घेऊन गेल्यावर त्या घरातले लोक कसे खाली मान घालतात ते. डोळे घरी ठेवून जायला मी कालपर्यंतही शिकले नव्हते.

तू पोरींना रांधून घालायचीस त्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर आठवलं. ती लांबलचक खोली, काळं छत, आणि तू मोठ्या कढईत कारली परततेस. तुला कारली इतकी आवडायची की सगळ्या जगाला आवडतात असं तू धरलं होतंस, आणि आठवड्यातून एकदा पोरींच्या ताटात ती पडायचीच. कोणी बोलत नसे. एकदा बैहरकडची एक नवी पोरगी, जेमतेम सहावीतली, ताट हातात धरून तुझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, करेला आपको भाता है, तो इसमें हमारी क्या गलती?" सगळ्या पोरी श्वास रोखून बसल्या. मीही. तू कढईतला झारा वर धरलेला, आणि मला वाटलं आता हिच्या पाठीत बसतो. तू हसायला लागलीस, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तिला विचारलंस की तुला काय भाता है बाई, ती म्हणाली पेज, आणि त्या शनिवारी साऱ्या वसतिगृहाला तांदळाची पेज. घरी येताना तू स्वतःशीच बोलत होतीस, "इतके वर्ष वचन पाठ केलं, आन् पोरींना पुसलंच नाही." मला तेव्हा ते गमतीचं वाटलं. काल ओट्याशी उभी राहून तितकं गमतीचं वाटत नव्हतं.

शेवटी मी ठरवलं, न्यायचं. चिन्नोरचा भात झाला, बेसन झालं, मीठ एक चिमूट जास्त घातलं. पातेल्यावर झाकण ठेवलं आणि तू करायचीस तसा झाकणावर हात ठेवून डोळे मिटले. हे मी ठरवून नाही केलं. ते हाताला लागलेलंच आहे, आपल्या घरून अन्न बाहेर जाताना ज्यानं दिलं त्याला सांगून निघायचं. आमेन म्हटलं, डोळे उघडले, आणि तशीच खाली बसले.

कारण बाबा गेले त्या दिवशीच्या काकू मला समोर दिसल्या. मी कॉलेजात होते. नवरात्राचे दिवस होते, त्यांच्या घरी सगळा स्वयंपाक आधी देवीला दाखवायचा आणि मग माणसांनी खायचा. आपण नैवेद्याचं खात नाही हे गल्लीला माहीत होतं. आपल्या काही लोकांनी ते जरा जास्तच मोठ्या आवाजात माहीत करून दिलं होतं, प्रसादाचे हात परत पाठवून. काकू पातेलं घेऊन आल्या, तुझ्यापुढं बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "देवीच्या आधीच काढलं व बाई हे. तुमचं चालत नाही न." तू त्यांचा हात धरून ठेवलास. त्यांनी आपल्या देवीच्या आधी आपलं ताट काढलं होतं. त्यांना जे आवडतं ते नाही, आपल्याला जे चालतं ते. आपलं शास्त्र त्यांनी वाचलं नव्हतं, आणि मी पाठ करून पातेल्यावर प्रार्थना म्हणून बसले होते. आपल्याला जसा त्यांचा नैवेद्य, तसंच त्यांना हे झालं की नाही? आणि ज्या घरातून प्रार्थनेवर अर्ज गेला त्या घरात मी प्रार्थनेचा भात घेऊन निघाले होते. न सांगता नेला असता तर ती फसवणूक, आणि सांगून नेला असता तर तो तमाशा.

मी ते पातेलं बाजूला ठेवलं आणि पुन्हा तांदूळ धुतले. हे घाटावरून आले, आंघोळ करून पाहतात तर ओट्यावर दोन भात. मी कारण सांगितलं. त्यांनी आधी दोन्ही झाकणं उचलून पाहिली. मग म्हणाले की न्यायचंच नव्हतं, पण नेते आहेस तर प्रार्थना काढून टाकून नेणं हेही एका अर्थी प्रभूला नाकारणंच आहे. मी म्हणाले, सचिवसाहेब, हा मुद्दा पुढच्या मीटिंगमध्ये घ्या. आई, दुसऱ्या वेळी हात झाकणाकडे गेला तो मी दुसऱ्या हातानं धरून मागे घेतला. इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. काहीतरी विसरून बाहेर पडल्यासारखं वाटत होतं, किल्ली किंवा चष्मा.

दिवेलागणीच्या आधी गेले. अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पुरुष बसले होते. काकूंचा मुलगा मुंडण केलेल्या डोक्यावर गमछा टाकून मध्ये बसला होता. तो उठला आणि म्हणाला, "आओ दीदी, मम्मी अंदर है." बस, एवढंच. खाली मान नाही, वर मान नाही. मी ज्यासाठी डोळे घेऊन आले होते ते तिथं नव्हतंच. एका माणसानं मोबाइल वर केला आणि मी पातेलं पोटाशी धरून थांबले. तो वेळ पाहत होता.

काकू आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. काकाजींना जिथं ठेवलं होतं तिथं दिवा जळत होता. लालबर्र्याहून आलेल्या त्यांच्या दोन नणंदा ताटं आणायला आत गेल्या आणि आम्ही दोघीच उरलो. किती बारीक झाल्या आहेत त्या. इतकी वर्षं पाठच पाहत होते ना. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं.

"तूच केलं?"

"हौ काकू."

"हात ठेवला का?"

मला कळलं नाही. त्यांनी हवेतच तळहात उपडा करून दाखवला, झाकणावर ठेवल्यासारखा. "तुझी माय ठेवे तसा."

मी म्हणाले नाही, मुद्दाम नाही ठेवला. ठेवला होता ते अन्न घरीच राहू दिलं, तुमच्यासाठी दुसरं केलं. आई, मला वाटलं त्यांना बरं वाटेल. मला वाटलं त्या माझा हात धरतील, तू त्यांचा धरला होतास तसा. थोडी शाबासकीची वाट पाहत होते, खोटं कशाला बोलू.

"काहून?" त्या म्हणाल्या.

"तुम्हाला चालणार नाही म्हणून."

"मले पुसलं?" त्या रागावून नाही म्हणाल्या, थकून म्हणाल्या. "तुझी माय आणे तवा दारात येईपर्यंत तिचे ओठ हालत राहे. मले दिसे. माही सासू गेली तवा, माहं लहानं पोरगं गेलं तवा. मी खाल्लं न." मग त्यांनी पातेलं दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवलं. "आता ठेव हात. ह्यायच्यासाठी कर. हळू कर, पोरगा आइकन."

ह्यायच्यासाठी म्हणजे काकाजींसाठी. ज्यांनी प्रार्थनेवर अर्ज दिला त्यांच्यासाठी, त्यांच्याच घरात, त्यांच्याच बायकोच्या तोंडून मागणी. जन्मभर मी ज्या तऱ्हेच्या गोष्टी शोधत हिंडले, तशी एक ताटात वाढून माझ्यापुढं आली होती, आणि मी दाराकडे पाहिलं. दाराबाहेर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मला यांचं वाक्य आठवलं, मोबाइल आठवला, ठाण्यातले ते दोघं आणि न उचललेली खारी आठवली. आतून ताटांचा आवाज जवळ येत होता. मी म्हणाले, "घरी जाऊन करते काकू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या. पटवाऱ्याच्या बायकोला "नंतर करतो" म्हणजे काय ते कोणी समजावून सांगावं लागत नाही. नणंदा आल्या, भात वाढला, काकूंनी दोन घास खाल्ले. मी खरकटं पातेलं उचललं आणि आले. रात्री यांनी पहिलं पातेलं जेवताना काढलं आणि मीठ जास्त झालंय म्हणाले.

आई, त्या वचनात एकच अडचण आहे असं मला दिवसभर वाटत होतं, की दुसऱ्याला काय हवं ते आपल्याला कळत नाही, आपण आपल्यावरून अंदाज बांधतो, आणि मग कारली वाढतो. इथं अंदाजाला काही जागाच उरली नव्हती. त्या बाईनं काय हवं ते तोंडानं सांगितलं. दोन वाक्यांचं काम होतं.

आज सकाळी मी शाळेत गेले नाही. घरात इकडून तिकडे फिरते आहे, कपाट लावते, परत काढते. समोर माणसं येतात-जातात, काकू काही दिसल्या नाहीत. हे विचारत होते काय झालंय, मी त्यांना सांगितलं की काकूंनी असं असं म्हटलं आणि मला भीती वाटली. त्यांनी मान हलवली, म्हणाले, बरोबर केलंस. भीती वाटली हे खरंच आहे, त्यात खोटं काही नाही. तिथं पोरगा ऐकणार होता.

पण इथं कोण ऐकणार आहे? दार लावलेलं आहे, गल्ली दुपारची झोपलेली आहे, हे चर्चमध्ये पंखेवाल्याशी भांडायला गेले आहेत. काल आल्यापासून मी किती वेळा डोळे मिटून बसले, आणि काकाजींचं नाव आलं की मला अर्जाची भाषा आठवते, मग माझं उत्तर आठवतं, मग त्याहून झणझणीत उत्तर सुचतं आणि मी डोळे उघडते. शेवटी वही काढली आणि तुला लिहायला बसले. हे कुठं टाकायचं नाही म्हणून इतकं लांबवता आलं. काकूंना मी घरी जाऊन करते म्हणून आले होते. घरी येऊन दिवस होत आला. अजून केलेली नाही.